खोक्यावरचे आकडे आणि भिंगाभोवतीची ओळ

भिवंडी सोडून मुंबई-नाशिक महामार्गाने पडघ्याकडे निघाले की रस्त्यालगत पत्र्याच्या छपरांची गोदामे लागतात. मुंबईत जून २०१७ अखेरपर्यंत जकात होती, त्यामुळे माल शहराच्या हद्दीबाहेर ग्रामपंचायतींच्या जमिनीवर उतरवून ठेवणे व्यापाऱ्यांना परवडत असे. वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, पण गोदामे हलली नाहीत; उलट वाढली. ५ जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, आणि हे आमणेही भिवंडी तालुक्यातलेच. घरबसल्या मागवलेल्या मालाचा मोठा भाग आज या पट्ट्यातून फिरतो, त्यात कॅमेरेही आले. एके काळी कॅमेरा घ्यायचा म्हणजे लोकलने सीएसटी गाठायचे आणि फोर्टातल्या बोरा बाजारात दोन-चार दुकाने पालथी घालायची. तिथे कॅमेरा हातात मिळे, बटणे दाबून बघता येत, दुकानदाराशी वाद घालता येई. आता पडघ्यातल्या माणसाला हवा असलेला कॅमेरा कदाचित त्याच्या घरापासून पाच-दहा किलोमीटरवरच्या फळीवर पडलेला असतो, पण पैसे भरेपर्यंत त्याला त्याचे दर्शन होत नाही. निवड करायची ती पडद्यावरचे चित्र आणि आकडे पाहून. म्हणून कोणता आकडा वाचायचा, हा प्रश्न आज पूर्वीपेक्षा महत्त्वाचा झाला आहे.

खोक्यावर ठळक छापलेले असतात ते दोन आकडे: इतके मेगापिक्सेल आणि इतके पट झूम. माझे म्हणणे असे की निवडीसाठी हे दोन्ही जवळजवळ निरुपयोगी आहेत. उपयोगी आकडा कॅमेऱ्याच्या भिंगाभोवतीच्या कड्यावर बारीक अक्षरांत कोरलेला असतो, आणि जाहिरातीतला फोटो मोठा करून पाहिला तर तो वाचताही येतो. २०१२मध्ये आलेल्या सोनी आरएक्स१०० या कॅमेऱ्याच्या कड्यावर १०.४-३७.१ आणि १.८-४.९ असे लिहिलेले आहे. पहिली जोडी म्हणजे भिंगाचे खरे नाभीय अंतर, मिलिमीटरमध्ये. झूम आत असताना १०.४, पूर्ण बाहेर काढल्यावर ३७.१. दुसरी जोडी त्या त्या टोकाचे अ‍ॅपर्चर. पहिल्याला दुसऱ्याने भागा: १०.४ भागिले १.८ म्हणजे ५.८, आणि ३७.१ भागिले ४.९ म्हणजे ७.६. प्रकाश आत येण्यासाठी भिंगाचे तोंड प्रत्यक्षात इतके मिलिमीटर उघडते. समोरचे दृश्य तेच, चौकट तेवढीच आणि शटर उघडे राहण्याचा वेळही तेवढाच असेल, तर त्या दृश्यातून कॅमेऱ्याच्या पदरात किती प्रकाश पडेल हे या तोंडाच्या क्षेत्रफळावरून ठरते. रात्रीच्या फोटोत रवाळपणा दिसतो तो मुख्यतः प्रकाश कमी पडल्यामुळे. सेन्सर मोठा हवा असे जाणकार सांगतात ते खरेच आहे. पण सेन्सर मोठा झाला की त्याच चौकटीसाठी नाभीय अंतर वाढते आणि म्हणून तोंड मोठे करता येते. सेन्सरचा मोठेपणा या भागाकारात आपोआप येऊन बसतो. शिवाय ‘एक इंची’ सेन्सर प्रत्यक्षात १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर एवढाच असतो. ती इंचाची भाषा जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचनळ्यांच्या बाहेरच्या व्यासावरून चालत आली आहे. ती वाचून फसण्यापेक्षा भागाकार बरा.

आता खिशातला फोन याच मापाने मोजू. आयफोन १४ प्रोच्या मुख्य कॅमेऱ्याचे नाभीय अंतर ६.८६ मिलिमीटर, अ‍ॅपर्चर १.७८, म्हणजे तोंड ३.८५ मिलिमीटर. स्वस्त फोनांचे याहून लहान, तीनच्या आसपास. त्याच्या शेजारी कॅननचा एसएक्स७४० ठेवा: चाळीस पट झूम, वीस मेगापिक्सेल, खोका अगदी भारदस्त. कड्यावर मात्र ४.३-१७२.० आणि ३.३-६.९. झूम आत असताना तोंड १.३ मिलिमीटर. घरातल्या वाढदिवसाचा, देव्हाऱ्याचा, ओसरीवरच्या माणसांचा फोटो याच टोकाला काढला जातो, आणि तिथे हा कॅमेरा त्या फोनच्या जेमतेम नवव्या हिश्श्याइतका प्रकाश गोळा करतो. हौसेने कॅमेरा घेतला आणि फोटो फोनचेच बरे आले, अशी तक्रार ऐकू येते तिचे मूळ इथे आहे. पण त्याच कॅमेऱ्याचा झूम पूर्ण बाहेर काढा: १७२ भागिले ६.९, म्हणजे पंचवीस मिलिमीटर. आता तो त्याच फोनच्या मुख्य भिंगाच्या बेचाळीस पट प्रकाश घेतो. एकच वस्तू घरात फोनपेक्षा निकृष्ट आणि रानात त्याहून किती तरी सरस. खोक्यावरच्या ‘४० पट’मध्ये ही गोष्ट कुठेही दिसत नाही.

रानात याचा अर्थ काय होतो तेही मोजून पाहता येते. पडघ्याहून शहापूरच्या अंगाने पुढे तानसा अभयारण्य लागते. तिथे २०१४मध्ये रानपिंगळा आढळल्याची नोंद झाली. हा पक्षी नामशेष झाला असे समजले जात असताना १९९७मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला होता. उंची साधारण तेवीस सेंटिमीटर, आणि दिवसाउजेडी वावरणारा, त्यामुळे छायाचित्रकाराला अनुकूल. तो तीस मीटरवरच्या फांदीवर बसला आहे असे धरा. बारा मेगापिक्सेलच्या फोटोत फोनच्या मुख्य भिंगातून तो वीस-पंचवीस पिक्सेल उंचीचा उमटेल, म्हणजे एक ठिपका. पाच पट टेलिफोटो असलेल्या महागड्या फोनात शंभरेक पिक्सेल. पिंगळा आहे हे कळेल, पण रानपिंगळा की साधा, यावर वाद होईल. ७२० मिलिमीटरच्या तोडीच्या झूमने तोच पक्षी सहाशेहून अधिक पिक्सेलचा होतो, आणि रानपिंगळ्याची ओळख ज्यावरून पटवायची ते जवळजवळ ठिपकेरहित डोके स्पष्ट दिसते. मेगापिक्सेल वाढवून हे साधत नाही. एसएक्स७४०च्या सेन्सरवरचा एकेक पिक्सेल सुमारे १.२ मायक्रॉनचा, तर ६.९ अ‍ॅपर्चरला प्रकाशाचा एक बिंदू विवर्तनामुळे नऊ मायक्रॉनपर्यंत पसरतो. एक बिंदू सात-आठ पिक्सेलांवर सांडत असेल तर वीसचे चाळीस मेगापिक्सेल केल्याने फक्त कार्ड लवकर भरेल.

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे: फोन एक फोटो काढतच नाही, तो एका दमात अनेक काढून त्यांची बेरीज करतो, मग तोंड लहान असले तर बिघडले कुठे? स्थिर वस्तूंच्या बाबतीत हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. भिवंडीजवळ लोणाडला लेणी आहेत, जुने शिवमंदिर आहे, आणि जवळच्या चौधरपाड्याला शिलाहार केशिदेवाचा शके ११६१चा, म्हणजे इसवी सन १२४०चा शिलालेख मिळाला होता. असे कोरीव काम टिपायला कॅमेरा विकत घेण्याची गरज नाही. फोन लहानशा ट्रायपॉडवर लावावा, फ्लॅश बंद करावा आणि विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरावी. समोरून पडलेल्या उजेडात सपाट दिसणारी अक्षरे तिरप्या उजेडात सावल्यांसकट उठून दिसतात. दगड हलत नसल्यामुळे बेरजेला हवा तेवढा वेळ मिळतो. हलणाऱ्या माणसाच्या बाबतीत मात्र ही बेरीज चुकते. भिवंडी-पडघा पट्ट्यातली आगरी हळद रात्री उशिरापर्यंत चालते, रंगीत दिवे बदलत असतात, नाचणारे क्षणभर थांबत नाहीत. दहा फोटोंत हात दहा ठिकाणी असतो. फोन एक तर हात पुसट करतो, नाही तर बेरीज सोडून एकाच रवाळ फोटोवर समाधान मानतो. इथे मोठ्या तोंडाला पर्याय नाही. २०१९चा कॅनन जी७एक्स मार्क थ्री झूमच्या लांब टोकालाही १३ मिलिमीटर उघडतो. फुजीच्या एक्स१००व्हीआयला झूमच नाही. २३ मिलिमीटरचे एकच भिंग, अ‍ॅपर्चर २, तोंड साडेअकरा. आणि गंमत अशी, की सोनीच्या आरएक्स१०० मालिकेतला सातवा, अधिक लांब झूमचा कॅमेरा जवळच्या टोकाला फक्त ३.२ मिलिमीटर उघडतो, म्हणजे आयफोनपेक्षाही कमी. लांबच्या टोकाला तो १६पर्यंत जातो. हळदीच्या मांडवात दोन हातांवरून फोटो काढणाऱ्याने तो घेऊ नये. शाळेच्या क्रीडास्पर्धेत मैदानाच्या पलीकडून काढणाऱ्याने जरूर घ्यावा.

दुसरा आक्षेप जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांचा. वीस वर्षांपूर्वीचे पातळ, चंदेरी कॅमेरे तरुण मुले कपाटातून बाहेर काढत आहेत, आणि जुन्या सेन्सरचा रंगच वेगळा असे सांगत आहेत. त्या काळच्या कॅनन इक्ससचे तोंड ५.८ भागिले २.८, म्हणजे दोनच मिलिमीटर. माझ्या हिशेबाने ते कॅमेरे टाकाऊ ठरतात, तरी त्यांचे रात्रीचे फोटो लोकांना आवडतात. तेव्हा हिशेबात काही सुटले आहे हे उघड आहे. सुटला आहे तो झेनॉन फ्लॅश. फोनचा फ्लॅश हा मिणमिणता एलईडी दिवा. झेनॉनची नळी सेकंदाच्या हजाराव्या भागात, बऱ्याचदा त्याहून कमी वेळात, सगळा उजेड फेकते आणि नाचणारा हात हवेतच थिजतो. दोन-तीन मीटरच्या आत ही करामत कोणत्याही भिंगाला जमत नाही. म्हणून कॅमेऱ्याला अंगचा फ्लॅश आहे की नाही हे जरूर पाहावे. रिको जीआर थ्री एरवी उत्तम, पण त्याला तो नाही.

आणखी एक बाब भिंगाच्या तोंडाने मोजता येत नाही, आणि तिचा पडघ्याशी थेट संबंध आहे. चंद्रपूरहून ७५२ किलोमीटरची उच्चदाब वाहिनी १९९९पासून पडघ्याला येते. ती पाचशे किलोव्होल्टची, एकदिश प्रवाहाची. इथल्या केंद्रात त्या प्रवाहाचे पन्नास आवर्तनांच्या उलटसुलट प्रवाहात रूपांतर होते. या प्रवाहावर लागणारे पुष्कळसे स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण गोदामात किंवा यंत्रमागाच्या शेडमध्ये शटर एक पाचशेवर ठेवून फोटो काढला की एक फोटो उजळ, दुसरा काळपट, आणि इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर चित्रावर आडवे पट्टे. एक शतांश किंवा एक पन्नासांश सेकंद ठेवले की ते जातात. म्हणून शटरचा वेग हाताने ठरवता येणे, आणि व्हिडिओसाठी मेनूत ‘पाल’ निवडता येणे, या दोन सोयी इथल्या ग्राहकाने मागाव्यात. याच शेडमध्ये हवेत तरंगणारे कापसाचे तूस हा कॅमेऱ्याचा दुसरा शत्रू. आतबाहेर करणारी भिंगाची नळी भात्यासारखी हवा ओढते, तूस सेन्सरवर जाऊन बसते, आणि भिंग काढता येत नसल्यामुळे ते घरी साफ करता येत नाही. पावसाळ्यात त्यात बुरशीची भर. शेतात, वीटभट्टीवर, पावसात काम असेल तर ओएम सिस्टिमचा टीजी-७ सारखा बंदिस्त कॅमेरा योग्य; तो पंधरा मीटर पाण्याखाली चालतो आणि भिंगापासून एका सेंटिमीटरवरच्या कीटकाचाही फोटो काढतो. त्याचे तोंड मात्र सव्वादोन मिलिमीटर. पाणी-धुळीसाठी घ्या, अंधारासाठी नको.

कोणी म्हणेल, एवढी खटपट करून घ्यायचा तरी कशाला? जपानच्या उत्पादक संघटनेच्या आकड्यांनुसार २०१०मध्ये जगभर १० कोटी ८० लाखांहून अधिक कॉम्पॅक्ट कॅमेरे रवाना झाले; २०२३मध्ये सुमारे १७ लाख. बाजाराने निकाल दिलेला आहे, आणि बहुतेक घरांपुरता तो बरोबर आहे. ई-पीक पाहणीचा फोटो शेतकऱ्याला अ‍ॅपमधूनच काढावा लागतो; लाखाचा कॅमेरा तिथे कुचकामी. पण जे १७ लाख उरले ते रानासाठी, रात्रीसाठी, पाण्यासाठी असे एकेका कामाचे आहेत. सगळ्यासाठी थोडाथोडा असलेला मधला स्वस्त कॅमेरा फोनने गिळला, आणि ऑनलाइन यादीत अजूनही स्वस्त म्हणून वर येतो तो बहुधा तोच. १ जानेवारी २०१९पासून डिजिटल कॅमेऱ्यावरचा कर २८ टक्क्यांवरून १८वर आला, तरी चांगला कॉम्पॅक्ट मध्यम फोनाहून महाग पडतो. म्हणून फोनची कोणती उणीव रोज आडवी येते ते आधी ठरवावे, आणि ज्या टोकाला ती उणीव आहे त्या टोकाचा भागाकार करावा. उत्तर चारच्या आत आले आणि पाणी-धूळ किंवा फ्लॅश हे कारण नसेल, तर पैसे राखून ठेवलेले बरे.

खोका घरी आल्यावर पाहायचे ते वेगळे. आयात मालाच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि मूळ देश छापणे कायद्याने बंधनकारक आहे. तो स्टिकर नसेल तर कॅमेरा आडवाटेने आलेला समजावा. त्याची वॉरंटी इथल्या सर्व्हिस सेंटरला लागू होईलच असे नाही, आणि जपानी बाजारासाठी बनवलेल्या काही मॉडेलांत मेनू फक्त जपानीत असतो, तो बदलता येत नाही. परत करण्याची मुदत असेपर्यंत वर्तमानपत्राचे एक पान भिंतीला चिकटवून झूमच्या दोन्ही टोकांना त्याचा सरळ समोरून फोटो काढावा. एखाद्या कोपऱ्यातली अक्षरे दर वेळी पुसट येत असतील तर भिंग वाकडे बसलेले आहे, आणि खोका पुन्हा गोदामाकडे धाडावा.