समजून घ्या : डिबगर बंद पडला? नवा जोडण्याआधी जुना का गेला ते शोधा

राहाता : पेरूच्या बागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या राहाता तालुक्यात लोणी येथे १९८३ पासून प्रवरा ग्रामीण अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पंपाचा ऑटो स्टार्टर किंवा ठिबकचा टायमर बनवणारे विद्यार्थी असोत, की दुरुस्ती करणारे कारागीर, ऐन वेळी डिबगर बंद पडला की काम अडते. अशा वेळी काय करावे?

डिबगर कशासाठी लागतो?
लॅपटॉप आणि मायक्रोकंट्रोलर यांना जोडणारे हे छोटे उपकरण चिपमध्ये प्रोग्राम भरते, तो हवा तिथे थांबवते आणि त्या क्षणी चिपमध्ये काय चालले आहे ते दाखवते. एसटी-लिंक, जे-लिंक, पिककिट ही त्यातली प्रचलित नावे.

तो खरेच बिघडला आहे का?
आधी यूएसबी केबल बदला. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. लॅपटॉपला डिबगर दिसतो, पण चिप सापडत नाही, असे असेल तर ग्राउंडची तार, बोर्डाचा पुरवठा आणि रीसेट पिन तपासा. चालू स्थितीतल्या दुसऱ्या बोर्डावर तो चालला, तर दोष तुमच्या बोर्डात आहे.

दुरुस्ती कधी परवडते?
यूएसबी सॉकेटचा टाका सुटला किंवा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर गेला, तर सोल्डरिंगने काम होते. मुख्य चिप गेली तर नुसती चिप बदलून भागत नाही, कारण तिच्यात कंपनीचे फर्मवेअर लागते.

हाताशी पर्याय काय?
न्यूक्लिओ बोर्डावर एसटी-लिंक असतोच. अनेक न्यूक्लिओ बोर्डांवर दोन जंपर काढले की तो बाहेरच्या एसटीएम३२ चिपसाठी वापरता येतो. २०२१ मध्ये आलेला रास्पबेरी पाय पिको ‘डिबगप्रोब’ फर्मवेअर टाकून एआरएम चिपचा डिबगर होतो. मात्र त्याच्या पिनला ५ व्होल्ट देऊ नयेत. अर्डुइनो उनो एव्हीआर चिपमध्ये प्रोग्राम भरू शकतो, पण या पद्धतीने डिबगिंग होत नाही.

जुना का गेला?
अनेक स्वस्त टायमरमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. कपॅसिटरमार्फत २३० व्होल्ट कमी केले जातात आणि सर्किटचे ग्राउंड थेट मेन्सशी जोडलेले राहते. त्याला डिबगर लावला की डिबगर आणि लॅपटॉप दोन्ही जळू शकतात. लॅपटॉप बॅटरीवर असला तरी त्याच्या धातूच्या भागाला हात लागून जीवघेणा शॉक बसू शकतो. नवा डिबगर घेऊन उपयोग नाही, तोही तसाच जाईल.

म्हणून मेन्सच्या तारा काढा, कपॅसिटर डिस्चार्ज करा आणि बोर्ड आयसोलेटेड कमी व्होल्टच्या पुरवठ्यावर चालवा. मगच डिबगर जोडा. मेन्स चालू ठेवूनच तपासणी करावी लागणार असेल, तर यूएसबी आयसोलेटर वापरावा आणि ते काम अनुभवी तंत्रज्ञाकडेच द्यावे.