ऊसतोडीचा कोयता: लोहाराचा की कारखान्याचा?

ऊस जमिनीलगत तोडा, हे आपण दरवर्षी सांगतो आणि ऐकतो. तो कशाने तोडायचा, याबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही. आठ फुटी उसाचे दोन इंच बुडखे रानात राहिले, तर लांबीच्या दोन टक्के माल राहिला. एकरी ४० टनांच्या फडात हे सुमारे ८०० किलो होतात, आणि साखर सर्वात जास्त असते ती याच बुडातल्या कांड्यांत. शिवाय उंच राहिलेल्या बुडख्यावरचे वरचे डोळे फुटतात. त्या फुटव्यांना स्वतःची मुळे नीट धरत नाहीत आणि खोडवा कमजोर येतो. बोथट कोयत्याने दोन-तीन घाव घालून बुडखा फाटला, की बुरशीला वाट मिळते.

तोडणी टनावर असते, त्यामुळे मजूर हाताला सोपे पडेल तिथे घाव घालणार, हे उघड आहे. आपल्याकडे नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. ही जोडी दिवसभर वाकून काम करते. एका घावात बुडाशी तुटणारा कोयता तिच्या हातात असेल, तरच जमिनीलगत तोडणीची अपेक्षा रास्त ठरते.

आता हाताने घडवलेला चांगला की कारखान्यातला, हा प्रश्न. खरे तर ही सीमा पूर्वीइतकी स्पष्ट राहिलेली नाही. आज गावचा लोहारही घणाऐवजी मोटारीवरचा हातोडा वापरतो, धार ग्राइंडरवर काढतो आणि लोखंड आणतो ते ट्रकच्या कमानीचा जुना पाटा. ‘पाट्याचा कोयता’ म्हणून जो मागतात तो हाच. या पोलादात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो, म्हणून ते पाणी धरते. बाजारात रंग लावून टांगलेले काही स्वस्त कोयते साध्या पत्र्यातून कापलेले असतात. त्यात कार्बन इतका कमी असतो, की पाणी दिले तरी धार कडक होत नाही. उलट चांगल्या कारखान्याच्या मालात भट्टीचे तापमान मोजलेले असते, त्यामुळे दहाही नग सारखे निघतात. लोहार रंग बघून अंदाज घेतो. त्याचा एक कोयता उत्तम, तर दुसरा ठिसूळ निघू शकतो.

म्हणजे फरक हाताचा आणि यंत्राचा नाही, पोलाद कोणते आणि पाणी कसे दिले याचा आहे. लोहार पाते लाल करून फक्त धारेकडची बाजू बुडवतो. मग पाठीकडची धग धारेकडे सरकू देतो आणि धार पिवळसर-तपकिरी दिसली, की पुन्हा थंड करतो. धार कडक आणि पाठ चिवट राहते ती यामुळे.

घेताना काय पाहावे

जुनी कानस धारेवर हलकी ओढावी. सहज खोल चावली तर धार मऊ आहे. काचेवरून गेल्यासारखी घसरली तर धार जास्त कडक आहे, दगडावर बसताच तुकडा उडेल. किंचित चावणारी धार घ्यावी. ग्राइंडरवर पाट्याच्या पोलादाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात, साध्या लोखंडाच्या लांब आणि सरळ जातात. मूठ हलते का, हे आधी पाहावे. निसटलेले पाते शेजारच्याच्या पायात जाते.

धार लावताना कड निळी पडली, तर तिथले पाणी उतरले असे समजावे. अशी धार दोन तासही टिकत नाही. दगडावर किंवा पाणी मारत हळूहळू धार काढावी. बेणे तोडताना कोयता जाळावर धरून निर्जंतुक करण्यानेही हेच नुकसान होते. खोडव्याची वाढ खुंटवणारा आरएसडी हा जिवाणूजन्य रोग कोयत्याच्या पात्यावरून पसरतो, म्हणून निर्जंतुकीकरण हवेच. त्यासाठी दोन कोयते ठेवावेत, एक हातात आणि एक जंतुनाशकाच्या द्रावणात.

प्रत्येक हत्यार लोहाराकडूनच घ्यावे, असे मात्र मी म्हणणार नाही. राधानगरी, भुदरगड, चंदगड भागात भात कापणीला कारखान्यात बनलेला दातेरी ‘वैभव’ विळा सोयीचा आहे. द्राक्षाची छाटणी कात्री आणि कलमाचा चाकूही कारखान्याचाच घ्यावा. तिथे पाते पातळ आणि एकसारखे लागते. उसाच्या कोयत्याचे तसे नाही. त्याचे वजन, बाक आणि मुठीची लांबी तोडणाऱ्याच्या उंचीवर ठरते. बाईच्या हाताला हलका कोयता लागतो, तो मापाने करून देणारा लोहारच. शिवाय झिजलेला कोयता तो शेवटून देतो, म्हणजे तापवून, ठोकून, धार पातळ करून पुन्हा पाणी देतो. पत्र्याचा कोयता झिजला की भंगारात जातो.

कोयते शेवटायला टाकायचे असतील तर खंडेनवमीच्या आधीच टाकावेत. गळीत हंगाम तोंडावर आला की लोहाराकडे गर्दी होते आणि घाईत दिलेल्या पाण्याचा भरवसा नसतो. तोडणीनंतर उरलेले उंच बुडखे धारदार कोयत्यानेच जमिनीलगत छाटावेत, पाचट सरीत ओढावे आणि बुडख्यांवर कार्बेन्डाझिम १ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून फवारावे.