व्हार्मिंट रायफलीची दुर्बीण

व्हार्मिंट रायफलीची दुर्बीण म्हणजे शेतीला आणि कुरणांना उपद्रव देणाऱ्या लहान प्राण्यांच्या शिकारीसाठी रायफलीवर बसवली जाणारी नेम-दुर्बीण. 'व्हार्मिंट' हे इंग्रजीतील 'व्हर्मिन' या शब्दाचे बोलीरूप असून ते मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ आहे. पश्चिमेकडील गवताळ मैदानांतला प्रेअरी डॉग (नावात कुत्रा असला तरी हा खारीच्या कुळातला प्राणी आहे), पूर्वेकडील शेतांत बिळे करून राहणारा ग्राउंडहॉग आणि कोल्ह्याच्या जातकुळीतला कायोटी हे या शिकारीतले प्रमुख प्राणी होत. हरणाच्या शिकारीच्या तुलनेत येथे लक्ष्य फार लहान असते आणि अंतर बहुधा जास्त. म्हणून दुर्बिणीची निवडही वेगळ्या कसोट्यांवर करावी लागते.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीवर सर्वसाधारण बंदी आहे. एखादा प्राणी ठरावीक प्रदेशात, ठरावीक काळापुरता उपद्रवी म्हणून घोषित करण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम ६२ मध्ये आहे. परंतु त्यातून अमेरिकेसारखी शिकारीची प्रथा निर्माण झालेली नाही. पुढील विवेचन त्यामुळे अमेरिकेपुरतेच आहे.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या आरंभी रायफलीची दुर्बीण ही श्रीमंतांची चैन होती. चांगल्या दुर्बिणी बहुधा जर्मनीहून येत. विल्यम वीव्हर यांनी १९३० साली '३३०' ही स्वस्त दुर्बीण बाजारात आणली आणि सामान्य शेतकऱ्याला ती घेणे शक्य झाले. याच सुमारास .२२ हॉर्नेट (१९३०) आणि .२२० स्विफ्ट (१९३५) ही लहान पण वेगवान गोळीची काडतुसे आली. १९३५ मध्ये जर्मनीतील झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगांवर परावर्तनरोधक लेप देण्याची पद्धत शोधली, तर १९४७ मध्ये अमेरिकेतील ल्यूपोल्ड कंपनीने नळीत नायट्रोजन भरून आतल्या भिंगांवर धुके साचणे थांबवले. आज कमी किमतीच्या दुर्बिणीतही या दोन्ही सोयी आढळतात. 'परवडणारी दुर्बीण' ही कल्पना मुळात त्यामुळेच अर्थपूर्ण ठरते.

लक्ष्याचा आकार

बिळाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या प्रेअरी डॉगच्या धडाची रुंदी सुमारे १० सेंमी, म्हणजे ४ इंच भरते. २०० यार्डांवरून (१८३ मी.) ही रुंदी जेमतेम २ कलांचा कोन करते. (१ अंश = ६० कला. अमेरिकी नेमबाज कलेला 'एमओए' म्हणतात. १०० यार्डांवर १ कला म्हणजे सुमारे १.०५ इंच.) निरोगी मानवी डोळा साधारणतः १ कलेपर्यंतचाच भेद ओळखू शकतो. थोडक्यात, नुसत्या डोळ्यांना तो प्राणी एका ठिपक्याएवढा दिसतो. १६ पट वर्धनाने पाहिल्यास हाच ठिपका पौर्णिमेच्या चंद्रबिंबाएवढा होतो.

नेम थोडा जरी ढळला तरी जखमी प्राणी बिळात शिरतो. दुसरी गोळी झाडण्याची संधी मिळत नाही आणि त्याचा अंत लांबतो. अनुभवी शिकारी याला अपयशच मानतात. दुर्बिणीवर किती आणि कशासाठी खर्च करावा, हा प्रश्न येथे निव्वळ हौसेचा राहत नाही.

वर्धन

दुर्बिणीवर '६-१८×४४' असे आकडे असतात. पहिले दोन आकडे वर्धनाची कमाल-किमान मर्यादा सांगतात, तिसरा पुढच्या पदार्थभिंगाचा व्यास मिलिमीटरांत देतो. नवखा ग्राहक यांतल्या मोठ्या आकड्याला भुलतो आणि विक्रेत्यांनाही ते ठाऊक असते. प्रत्यक्षात कमी किमतीच्या दुर्बिणीत २४ पट वर्धन म्हणजे पुष्कळदा २४ पट मोठा झालेला अंधुकपणा.

याची दोन कारणे आहेत. पहिले प्रकाशाचे. नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास म्हणजे पदार्थभिंगाचा व्यास भागिले वर्धन. ४० मिमी भिंगात ४ पटीला तो १० मिमी येतो, १६ पटीला केवळ २.५ मिमी. भर उन्हात माणसाच्या डोळ्याची बाहुली २ ते ३ मिमीपर्यंत आकुंचित होत असल्याने प्रेअरी डॉगच्या शिकारीत अडचण येत नाही. कायोटी मात्र पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतो. त्या वेळी बाहुली ५ मिमी किंवा त्याहून मोठी झालेली असते. तेथे वर्धन ८ पटींच्या आसपास उतरवणेच श्रेयस्कर.

दुसरे कारण मृगजळाचे. तापलेल्या मैदानावरून उठणारी हवा प्रकाशाचे सतत बदलते अपवर्तन घडवते आणि चित्र पाण्यातल्यासारखे हलू लागते. वर्धन वाढवले की ही थरथरही तितकीच वाढते. उन्हाळ्याच्या दुपारी १८ पटींची दुर्बीण असलेला शिकारीही ती १० किंवा १२ पटींवर आणून ठेवतो. मृगजळाचा एक उपयोगही आहे: त्याच्या लहरी वाऱ्याबरोबर कलतात आणि जाणकार त्यांवरून वाऱ्याची दिशा ताडतात.

२०० ते ३०० यार्डांच्या शिकारीसाठी ४-१२ किंवा ६-१८ पटींचा पल्ला पुरेसा होतो. .२२ लाँग रायफल या लहान काडतुसाने १०० यार्डांच्या आतच शिकार करणाऱ्याला ३-९ पट पुष्कळ आहेत.

भिंगे व लेप

काच आणि हवा जेथे भेटतात अशा प्रत्येक लेपविरहित पृष्ठावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. अशी १० पृष्ठे असली तर जवळजवळ एक तृतीयांश प्रकाश वाया जातो. खोक्यावरची शब्दयोजना येथे बारकाईने वाचावी लागते. 'कोटेड' म्हणजे काही पृष्ठांवर एक थर. 'मल्टि-कोटेड' म्हणजे किमान काही पृष्ठांवर अनेक थर. 'फुली मल्टि-कोटेड' म्हणजे हवेशी भिडणाऱ्या सर्व पृष्ठांवर अनेक थर. 'फुली' हा एक शब्द गाळून बरीच काटकसर केलेली असू शकते.

पराशय

पदार्थभिंगाने तयार केलेली प्रतिमा आणि नेम धरण्याची फुली (रेटिकल) एकाच प्रतलात नसतील, तर डोळा किंचित सरकताच फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते. हाच पराशय. आगगाडीच्या खिडकीतून पाहताना जवळचा खांब दूरच्या डोंगरापुढून सरकतो, तसाच हा प्रकार.

बहुतेक साध्या दुर्बिणी १०० यार्डांसाठी पराशयमुक्त केलेल्या असतात. ४० मिमी पदार्थभिंगाच्या अशा दुर्बिणीतून डोळा अगदी कडेला ठेवून पाहिले, तर २०० यार्डांवर जास्तीत जास्त सुमारे २ सेंमी आणि ३०० यार्डांवर ४ सेंमी चूक होऊ शकते. हरणाच्या बाबतीत ती नगण्य ठरेल. प्रेअरी डॉगच्या १० सेंमी रुंद धडावर मात्र मध्यावर धरलेला नेम पार कडेला जाऊ शकतो. म्हणून पराशय जुळवण्याची सोय ही व्हार्मिंट दुर्बिणीची जवळजवळ अनिवार्य अट आहे. ही सोय पदार्थभिंगाभोवतीच्या कड्यात किंवा डाव्या बाजूच्या फिरकीत असते. कड्याची रचना स्वस्त पडते. फिरकी वापरायला सोपी. थोडक्या पैशांत कड्यावर समाधान मानण्यात काही वावगे नाही.

रेटिकल व फिरक्या

फुलीच्या रेषा जाड असतील तर त्या लक्ष्यच झाकतात. अर्धी कला जाडीची रेषा ३०० यार्डांवर दीड इंचाहून अधिक भाग व्यापते. मध्याशी बारीक रेषा असलेले रेटिकल त्यामुळे पसंत केले जाते.

गोळी जाता जाता खाली येते. .२२३ रेमिंग्टनची ५५ ग्रेनची गोळी २०० यार्डांवर जुळवलेली असल्यास ३०० यार्डांवर साधारण साडेसहा इंच खाली लागते. हा कोन सुमारे २ कलांचा. पाव कलेचा एक क्लिक धरल्यास फिरकी ८ क्लिक वर न्यावी लागते. पण ते ८ क्लिक खरोखर ८ क्लिकांइतकेच सरकले पाहिजेत आणि उलट फिरवल्यावर नेम पूर्वस्थळी परतला पाहिजे. स्वस्त दुर्बीण सर्वाधिक वेळा दगा देते ती याच ठिकाणी.

काही जण फिरकी न वापरता रेटिकलवरील खुणांनी अंदाज घेतात. बहुतेक परवडणाऱ्या दुर्बिणींत रेटिकल मागच्या नाभीय प्रतलात असते. त्यामुळे या खुणांचे माप एकाच, बहुधा कमाल वर्धनावर बरोबर असते. मृगजळामुळे वर्धन कमी केले आणि खुणा मात्र तशाच धरल्या, तर गोळी भलतीकडे जाते.

बैठक व तपासणी

व्हार्मिंट काडतुसांचा धक्का सौम्य असल्याने येथे मध्यम किमतीची दुर्बीणही टिकते. याउलट स्प्रिंगच्या एअर रायफलीचा धक्का दुहेरी, मागे आणि पुढे असतो. ती अनेक चांगल्या दुर्बिणींचे वाटोळे करते. तिच्यासाठी वेगळी दुर्बीण घ्यावी लागते. दुर्बीण रायफलीला जोडणारी कडी आणि पट्टी यांत काटकसर करू नये. सैल बैठकीवर उत्तम दुर्बीणही निरुपयोगी ठरते.

फिरक्यांची पारख चौकोन पद्धतीने करतात. स्थिर आधारावरून तीन गोळ्या झाडायच्या, मग नेम त्याच बिंदूवर ठेवून फिरकी २० क्लिक वर, २० उजवीकडे, २० खाली आणि २० डावीकडे नेत प्रत्येक वेळी तीन-तीन गोळ्या झाडायच्या. अखेरचा गट पहिल्या गटावर पडला तर दुर्बीण विश्वासार्ह. परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी ही तपासणी उरकलेली बरी.

प्राण्याची ओळख

सर्वच प्रेअरी डॉग शिकारीस खुले नाहीत. यूटा राज्याच्या नैऋत्य भागातील यूटा प्रेअरी डॉग १९७३ पासून संघराज्याच्या संरक्षणाखाली आहे. प्रेअरी डॉगच्या रिकाम्या बिळांत राहणारे एक लहान घुबड दिवसाढवळ्या बिळाच्या तोंडाशी ताठ उभे असते. तेही संरक्षित आहे. अंधुक काचेतून, थरथरत्या हवेत, त्याची आकृती प्रेअरी डॉगसारखी भासू शकते. प्रेअरी डॉगवर जगणारा काळ्या पायांचा फेरेट तर नामशेष झाला असे समजले जात होते, तोच १९८१ मध्ये वायोमिंगमधील मिटीट्सी गावाजवळ पुन्हा आढळला. संवर्धक अशा वसाहतींतील शिकारीला विरोध करतात. पशुपालक कुरणांच्या नुकसानीकडे बोट दाखवतात. हा वाद अद्याप मिटलेला नाही.

रायफलीच्या दुर्बिणीतून पाहणे म्हणजे जे पाहायचे त्यावर नळी रोखणे. म्हणून प्राणी शोधण्यासाठी व ओळखण्यासाठी शिकारी स्वतंत्र द्विनेत्री दुर्बीण बाळगतात, आणि तिचा खर्च याच अंदाजपत्रकात धरावा लागतो.