बार्बोसाच्या माथी फुटलेलं खापर

उरुग्वेचा विंगर अल्सिदेस गिजा उजव्या कडेनं चेंडू घेऊन आत घुसला, तेव्हा सामन्याची ११ मिनिटं उरली होती. १३ मिनिटांपूर्वी त्यानं असंच आत शिरून चेंडू मधोमध दिला होता आणि त्याच्या संघातल्या स्किआफिनोनं तो जाळ्यात मारला होता. या वेळीही चेंडू मध्येच येणार असं धरून ब्राझीलचा गोलरक्षक मोआसिर बार्बोसा खांबापासून थोडा सरकला. गिजानं चेंडू मध्ये दिलाच नाही. खांब आणि बार्बोसा यांच्यामधल्या फटीतून त्यानं तो थेट आत मारला. उरुग्वे २, ब्राझील १. तारीख १६ जुलै १९५०, मैदान रिओ द जानेरोचं माराकाना.

त्या सरकण्याचा जाब ब्राझील पुढची ५० वर्षं विचारत राहिला.

हा सामना फुटबॉल विश्वचषकातला, पण त्या स्पर्धेला रूढ अर्थानं अंतिम सामना नव्हता. शेवटच्या चार संघांची साखळी होती. ब्राझीलनं स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असं चिरडलं होतं. उरुग्वेनं स्पेनशी २-२ अशी बरोबरी केली आणि स्वीडनवर कसाबसा ३-२ असा विजय मिळवला. ब्राझीलला जगज्जेतेपदासाठी नुसती बरोबरी पुरत होती. सामन्याआधीच 'ओ मुंदो' या वर्तमानपत्रानं संघाचं छायाचित्र जगज्जेते म्हणून छापून टाकलं होतं. तिकीट काढून आलेले प्रेक्षकच १,७३,८५० होते. ४७व्या मिनिटाला ब्राझीलच्या फ्रियासानं गोल केला आणि सगळ्यांना वाटलं, संपलं. मग ६६व्या मिनिटाला स्किआफिनो, ७९व्या मिनिटाला गिजा, आणि मैदान मुकं झालं. माराकाना गप्प करणारी माणसं तीनच, पोप, गायक फ्रँक सिनात्रा आणि मी, असं गिजा पुढे मिश्कीलपणे सांगायचा.

मग सुरू झाली ती चिरफाड. बोटं वळली तीन खेळाडूंकडे. गिजाला अडवणं ज्याचं काम होतं तो डावीकडचा बिगोदे, त्याच्या मदतीला वेळेवर न पोचलेला बचावपटू जुवेनाल, आणि बार्बोसा. तिघेही कृष्णवर्णीय होते. हा योगायोग नव्हता, हे ब्राझीलमध्येच लिहिलं गेलं. माराकानाला पुढे ज्याचं नाव मिळालं त्या पत्रकार मारियो फिल्योनं, ब्राझीलच्या फुटबॉलमधल्या कृष्णवर्णीयांवरच्या आपल्या पुस्तकाच्या १९६४च्या आवृत्तीत, या खापराचा रंग उघड केला.

मैदानावरचे प्रश्न मात्र फारसे कुणी विचारले नाहीत. स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या आदेमिरला त्या दिवशी एकही गोल का करता आला नाही? बरोबरी चालणार असताना १-० झाल्यावरही संघानं पाय का आखडता घेतला नाही? त्याच कडेनं उरुग्वेचा पहिला गोल झाला, तर पुढच्या १३ मिनिटांत ती कडा कुणी का बुजवली नाही? गोल होतो तेव्हा चेंडू आधी दहा जणांना चुकवून आलेला असतो. पण प्रेक्षकाच्या डोळ्यांत राहतं ते शेवटचं दृश्य, आणि त्या दृश्यात गोलरक्षक एकटाच जमिनीवर पडलेला असतो.

माणसांनी भागेना तेव्हा सदऱ्यावर आळ आला. तोवर ब्राझील पांढऱ्या सदऱ्यात खेळत असे. नाचता येईना अंगण वाकडं, तसं पांढऱ्या रंगात देशाचं काही दिसत नाही असं ठरलं. १९५३ साली एका वर्तमानपत्रानं नव्या पोशाखासाठी स्पर्धा घेतली. ती जिंकली अल्दिर श्ली या तरुणानं, आणि तो नेमका उरुग्वेच्या सीमेवरच्या गावचा. आज जगभर ओळखला जाणारा पिवळा सदरा अशा रीतीनं एका पराभवातून आला. सदऱ्याला दुसरा जन्म मिळाला. बार्बोसाला मिळाला नाही.

वास्को द गामा क्लबचा हा नावाजलेला गोलरक्षक त्या पराभवानंतर देशासाठी जेमतेम एक सामना खेळला, तोही १९५३ साली. १९७० साली बाजारात एका बाईनं आपल्या लहान मुलाला त्याच्याकडे बोट दाखवून सांगितलं, हाच तो, यानं सगळ्या ब्राझीलला रडवलं. १९९३ साली तो राष्ट्रीय संघाला भेटायला गेला, तर अपशकुन नको म्हणून त्याला दूर ठेवलं गेलं. माराकानाचे जुने लाकडी खांब त्याला मिळाले आणि त्यानं ते जाळून त्यावर मांस भाजलं, अशी कथा सांगतात. आपल्या देशात मोठ्यात मोठी शिक्षा ३० वर्षांची असते, मी ५० वर्षं भोगतोय, अशी त्याची तक्रार होती. ७ एप्रिल २००० रोजी तो वारला. तोवर ब्राझीलनं चार विश्वचषक जिंकले होते. त्यांतल्या एकानंही त्याची सुटका केली नाही.

८ जुलै २०१४. पुन्हा ब्राझीलमध्येच विश्वचषक, बेलो ओरिझोंचीला उपांत्य सामना, आणि जर्मनीनं यजमानांना ७-१ असं धुतलं. त्यांतले चार गोल तर सहा मिनिटांत. नेमार जायबंदी होता, तियागो सिल्वावर बंदी होती. शिव्या पडल्या आघाडीच्या फ्रेदला आणि जागा सोडून धावणाऱ्या डेव्हिड लुईझला. प्रशिक्षक स्कोलारीनं जबाबदारी स्वतःवर घेतली. तेव्हा कुठे अनेकांना आठवलं, की बार्बोसानं फक्त दोन गोल खाल्ले होते.

एखाद्यावर खापर फोडण्याचा हा रोग एकट्या ब्राझीलचा नाही. १९९४ च्या विश्वचषकात कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारकडून स्वतःच्याच जाळ्यात गोल झाला, आणि दहा दिवसांनी मेदेयीनमध्ये त्याचा खून झाला. ११ जुलै २०२१ला युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या रॅशफर्ड, सँचो आणि साका यांच्या पेनल्टी हुकल्या, आणि मायदेशात त्यांच्या कातडीच्या रंगावरून शिव्यांचा पाऊस पडला. साका तेव्हा १९ वर्षांचा होता.

गिजा १६ जुलै २०१५ रोजी गेला, त्या गोलला बरोबर ६५ वर्षं झाली त्या दिवशी. सामन्यातला तो शेवटचा साक्षीदार गेल्यावर खटल्यात उरतो फक्त धावफलक. तो सांगतो, की २-१ झाल्यानंतरही ११ मिनिटं बाकी होती आणि जगज्जेतेपदाला एक गोल पुरेसा होता. तो गोल करणं बार्बोसाचं काम नव्हतं.