जिभेच्या आवाक्याबाहेरचे केस

पर्शियन मांजराच्या पाठीवरून नुसता हात फिरवला तर बऱ्याचदा काहीच कळत नाही. वरचे केस मऊच लागतात. तीच बोटं कानामागे, काखेत, जांघेत, शेपटीच्या बुडाशी अगदी कातडीपर्यंत नेली की टणक गाठी हाताला लागतात. काही आठवडे दुर्लक्ष झालं तर या गाठी एकमेकींत मिसळतात आणि पोटावर, कुशीवर केसांचा सलग, जाड थर बसतो. मग मांजर वाकलं, ताणलं, उडी मारायला गेलं की प्रत्येक वेळी खालची कातडी ओढली जाते. अशी मांजरं चिडकी होतात, उचलू देत नाहीत, आणि घरातले म्हणतात, हिचा स्वभावच बदलला.

यात मांजराचा आळस नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमधले अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी पाळीव मांजरापासून सिंहापर्यंत सहा प्रजातींच्या जिभा तपासल्या. २०१८ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. जिभेवरच्या, घशाकडे वळलेल्या काट्यांच्या टोकाशी पन्हळीच्या आकाराची पोकळी असते, असं सीटी स्कॅनमध्ये दिसलं. तोंडातली लाळ त्या पोकळीत आपोआप चढते आणि चाटताना केसांच्या मुळाशी उतरते. पण हे काटे मिलिमीटरांत मोजावेत एवढेच असतात. आखूड केस जिभेखाली दबतात आणि काटा कातडीपर्यंत पोचतो. पर्शियन मांजराचे केस कितीही दबले तरी तो तिथवर पोचत नाही.

हे लांब केस आले कुठून? एफजीएफ-५ नावाचं जनुक एरवी केसाला ‘आता वाढ थांबव’ असा इशारा देतं. त्याची बिघडलेली प्रत आई आणि बाप दोघांकडून आली की केस वाढतच राहतो, हे २००७ मध्ये स्पष्ट झालं. माणसाला ते रूप आवडलं, त्याने ते पिढ्यान्‌पिढ्या जोपासलं. जीभ मात्र होती तेवढीच राहिली. ‘पंच फेस’ म्हणून जादा किमतीला विकल्या जाणाऱ्या चपट्या तोंडाच्या मांजरांचे दातही अनेकदा नीट जुळत नाहीत, त्यामुळे त्यांना अंग साफ करणं आणखी अवघड जातं. अशा मांजराचे केस विंचरणं ही हौस नव्हे. ते रोज खायला घालण्याइतकंच आपलं काम आहे, आणि विकणाऱ्याने ते आधी सांगायला हवं.

गाठ बसते ती आतल्या बारीक लवेमुळे. केसावर सूक्ष्म खवले असतात, सगळे टोकाकडे झुकलेले. गळालेली लव बाहेर न पडता आतच अडकते, घासली जाते आणि ओल मिळाली की खवले एकमेकांत घट्ट रुततात. काश्मीरचा नमदा लोकर, पाणी आणि दाब वापरून याच क्रियेने बनतो. म्हणून गुंता झालेल्या मांजराला आधी अंघोळ घालू नका. गाठी आणखी आवळतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर त्या थराखालची कातडी वाळतच नाही. ती लाल होते, चिघळते, आणि जखमेवर माशा बसल्या तर अळ्या पडतात.

कात्री तर नकोच. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, गाठीबरोबर ती वर खेचली जाते, आणि केस कुठे संपले, कातडी कुठे सुरू झाली हे डोळ्यांना दिसत नाही. गाठ छोटी असेल तर ती मुळाशी चिमटीत धरा म्हणजे ओढ कातडीला लागणार नाही, चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा आणि धातूच्या कंगव्याने टोकाकडून थोडं थोडं सोडवा. कातडीला चिकटून बसलेली गाठ क्लिपरनेच काढायची. त्याला १० नंबरचं पातं लावा. नंबर जितका मोठा तितके केस जास्त बारीक कापले जातात. कातडी ताणून धरा, पातं तिला समांतर ठेवा आणि ते तापलंय का हे आपल्या मनगटावर पाहत राहा. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं तर तिथेच थांबा.

सगळं अंगच जखडलं असेल तर पशुवैद्याकडे न्या, गुंगी देऊन केस काढून घ्या. दुखू नये म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. ती पचवण्यासाठी लागणारं एक जनुक मांजरात निकामी आहे, त्यामुळे एक गोळीही जीव घेऊ शकते. टी ट्री तेल आणि कुत्र्यांसाठीची पर्मेथ्रिनची औषधंही तितकीच घातक आहेत.

आखूड केसांच्या म्हाताऱ्या मांजराच्या कमरेवर अचानक गाठी दिसू लागल्या तर केसांच्या आधी सांधे तपासा. बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे पाहिले तेव्हा ९० जणांत सांध्यांची झीज आढळली होती. तो अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. मान मागे वळवताना दुखतं, म्हणून कमरेपर्यंत जीभ पोचत नाही. दातदुखी आणि वाढलेलं वजन यांचाही परिणाम तोच. अशा वेळी नुसते केस काढून भागत नाही. दुखण्यावर उपचार झाले नाहीत तर नव्या केसांतही गाठी होणारच.