भाव गांजाचा की जोखमीचा?

सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने ऑगस्ट २०२१ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला होता. दुसऱ्या कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही, तेव्हा दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्या, अशी त्याची मागणी. बातमी झाली, लोक हसले, पोलिसांनी तो प्रसिद्धीचा खटाटोप ठरवला. मला काही हसू आले नाही. बँकेत असताना पीककर्जाचे अर्ज वर्षानुवर्षे वाचले आहेत. या अर्जामागचा हिशेब चटकन कळला. त्यातली गफलतही कळली. गांजा कायदेशीर करा, शेतकऱ्याला पैसा आणि सरकारला कर मिळेल, असे दिवाणखान्यात बसून सांगणारी सुशिक्षित मंडळीही नेमकी तीच गफलत करतात.

कारण आजचा भाव त्या झाडाचा नाहीच. भांगेचे झाड हिमालयाच्या पायथ्याशी रस्त्याच्या कडेला तणासारखे उगवते. गिऱ्हाईक पैसे मोजते ते जोखमीचे. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यात लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. उसाच्या किंवा तुरीच्या आड दोन ओळी लावणारा, माल वाहणारा, पुड्या विकणारा, प्रत्येकजण त्या तुरुंगाची किंमत मालावर चढवतो. कायदा उठला की जोखीम गेली, आणि तिच्याबरोबर भावही गेला. मग उरतो तो कांद्याचा एक धाकटा भाऊ!

हे तर्काने सांगत नाही. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ रोजी गांजा खुला केला. अबकारी कर ठरला ग्रॅममागे एक डॉलर किंवा किमतीच्या दहा टक्के, यांतले जे जास्त असेल ते. पुढे उत्पादन वाढले, भाव कोसळले. तो एक डॉलर मात्र जागच्या जागी राहिला. परवानाधारक उत्पादकांकडे अबकारीची थकबाकी साचत गेली. अमेरिकेतल्या कोलोराडोत २०१४ च्या जानेवारीत दुकाने उघडली. २०२१ साली राज्याला त्यातून ४२ कोटी डॉलरवर महसूल मिळाला. तो कळस ठरला, त्यानंतर आकडा उतरत गेला. कॅलिफोर्नियाने करांचा असा डोंगर रचला की गिऱ्हाईक जुन्या चोरट्या विक्रेत्याकडेच जात राहिले, आणि जुलै २०२२ मध्ये लागवडीवरचा कर काढून टाकावा लागला. कर जास्त लावला तर काळा बाजार मरत नाही, कमी लावला तर तिजोरी भरत नाही.

आणखी एक गंमत मला बँकवाला म्हणून जाणवली. राज्याने परवाना दिला तरी अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात गांजा निषिद्धच राहिला, म्हणून बहुतेक बँका या दुकानांचे खाते उघडायला धजेनात. दुकानदार वर्षानुवर्षे नोटांच्या थैल्या घेऊन सरकारी कचेरीत कर भरत होते. कायदेशीर धंदा, आणि रोकड मात्र चोरासारखी सांभाळायची!

आपल्याकडे हा हिशेब इंग्रजांनी केव्हाच मांडला होता. ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाला म्हणून १८९३ साली मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्याने अकराशेहून अधिक साक्षी घेतल्या आणि १८९४ साली सांगितले, की माफक सेवनाने फारसे नुकसान होत नाही, अतिरेकाने होते. सरसकट बंदी नको, परवाना आणि कर हवा. बंगालमधल्या नौगावला पीक सरकारी देखरेखीखालच्या गुदामात जाई आणि कर भरल्यावरच बाहेर पडे. हेतू अर्थातच निव्वळ परोपकाराचा नव्हता, महसुलाचाही होता. पण खप वाढवणे हे धोरण नव्हते, हे मान्य करावे लागते. आजच्या कंपन्यांचे नेमके उलट असते.

आणि आपला समाज? ‘तुळशीत भांग’ म्हणून नाक मुरडतो आणि महाशिवरात्रीला तीच भांग घोटतो. गोसाव्याच्या हातातली चिलीम म्हणजे साधना, हमालाच्या हातातली म्हणजे व्यसन, आणि बंगल्यातल्या चिरंजीवांच्या हातातली म्हणजे ‘वयच आहे हो!’ कायदाही असाच. शेंड्यांशिवायची नुसती पाने त्याच्या व्याख्येबाहेर आहेत, म्हणून जैसलमेरला भांगेचे सरकारमान्य दुकान चालते. त्याच झाडाचा शेंडा खिशात सापडला की कोठडी. केंद्र सरकारने ‘एम्स’कडून करवून घेतलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. त्यात वर्षभरात भांग घेणारे सुमारे २ कोटी २० लाख आणि गांजा-चरस घेणारे सुमारे १ कोटी ३० लाख निघाले. दारू पिणारे १६ कोटी. त्यांच्यासाठी दुकाने आहेतच.

मला स्वतःला या धुराचे आकर्षण नाही. विशीच्या आतल्या मुलांना आजचा जहाल माल मनोविकाराच्या उंबरठ्यावर नेऊ शकतो, हे डॉक्टर सांगतात ते मी गंभीरपणे घेतो. म्हणूनच चौकाचौकात रंगीत पाट्यांची दुकाने मला नकोत. पण नुसत्या सेवनासाठी आज कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. ती कैद भोगायची वेळ येते ती वकील न परवडणाऱ्यावर. ती कलमातून काढायला ना परवाना लागतो, ना दुकान, ना अंदाजपत्रकात तरतूद. तेवढे आधी करावे. कराचे गणित नंतर सावकाश मांडू.