ऊन अडवणारा राजवाडा

इंग्लंडमधल्या जुन्या जमीनदारांच्या बागेत संत्र्या-लिंबांसाठी स्वतंत्र इमारत असे. उन्हाळाभर झाडे कुंड्यांसकट बाहेर आणि थंडी पडू लागली की आत. लंडनच्या क्यू उद्यानातली विल्यम चेंबर्सची १७६१ सालची अशी इमारत अजून उभी आहे. उंच कमानदार खिडक्यांची ती वास्तू दिसायला देखणी, पण आत उजेड कमी पडला आणि झाडांना ती मानवली नाही.

याच क्यूमध्ये तयार झालेल्या विल्यम गोल्डरिंग यांनी पुढे बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या लक्ष्मीविलास राजवाड्याची बाग आखली. इथे प्रश्न उलटा होता. संत्रे आपल्याकडे उघड्यावर वाढते; उन्हापासून जपायचे होते ते माणसाला.

राजवाड्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांचाच. १८८१ मध्ये ते वारले आणि मद्रासच्या रॉबर्ट चिझम यांनी काम १८९० मध्ये तडीस नेले. पाहुणे मनोरा आणि घुमट बघत राहतात. माझ्या मते या वास्तूची खरी हुशारी तिच्या चौकांत आहे. दरबार हॉल कारंज्यांच्या चौकाकडे उघडतो. त्यामुळे हवा खेळती राहते. हॉलच्या मधोमध एकही खांब नाही. खिडक्यांच्या रंगीत काचांतून ऊन गाळून येते आणि व्हेनिसच्या कारागिरांनी घातलेल्या मोझाइकच्या फरशीवर पसरते. वर स्त्रियांसाठी सज्जे आहेत. जाळीआडून दरबार पाहता यावा, ही रीत आपल्या वाड्यांना ओळखीचीच.

उष्म्याशी झगडण्याची ही अक्कल परदेशातून आलेली नव्हती. राजवाड्याच्या आवारातच नवलखी वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर आहे, राजवाड्यापेक्षा चार शतकांहून अधिक जुनी. पायऱ्या उतरत गेले की एकेका मजल्याला ऊन मागे पडते आणि गारवा वाढतो. इमारत पाहायला येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आधी वावेत न्यावे, असे मला मनापासून वाटते.

सावलीचे हे सुख महाराजांनी राजवाड्याच्या कुंपणात ठेवले नाही. विश्वामित्रीकाठची सयाजीबाग, बडोदेकरांची कमाटीबाग, १८७९ सालची; ती सर्वांसाठी होती. क्यूमध्येच शिकलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्टाव क्रुम्बिगल १८९३ मध्ये बडोदा संस्थानच्या बागा सांभाळायला आले. पुढे ते बंगळूरच्या लालबागेत गेले आणि त्या शहराच्या रस्त्यांवर वर्षभर एकामागून एक फुलत राहणारी झाडे लावली.